इंडियामार्ट, वेबसाइट आणि व्हॉट्सॲपवरची नवीन गिऱ्हाइकं सगळ्या ॲपमध्ये आपोआप जायला हवीत, पण जोडणीचं बिल आवरत नाही

टॉवेल_अक्कलकोट_रोड (सोमवार, सकाळी ११.१०)

नमस्कार मंडळी. टेरी टॉवेल आणि चादरीचं होलसेल आहे. चौकशा तीन वाटांनी येतात: इंडियामार्ट, वेबसाइटवरचा गुगल फॉर्म आणि ऑफिसच्या नंबरवरचं व्हॉट्सॲप बिझनेस. रोजच्या साधारण २५, म्हणजे महिन्याच्या २६ दिवसांत ६५०. त्यात खरी नवी गिऱ्हाइकं ४०० च्या आसपास. बाकीचे तेच लोक, दुसऱ्या वाटेने पुन्हा आलेले.

प्रत्येक चौकशी झोहो सीआरएममध्ये (गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं ॲप) लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक म्हणून जावी, गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये जावी म्हणजे दोन्ही सेल्समनच्या फोनवर नाव दिसेल, आणि टॅलीत लेजर उघडलं जावं, एवढंच हवंय. सध्या पैसे भरून घेतलेल्या एका जोडणीच्या ॲपवर (एका ॲपमधली माहिती दुसऱ्यात आपोआप नेणारं) पाच पायऱ्या लावल्यात: सीआरएममध्ये शोध, नवी नोंद, गुगल कॉन्टॅक्ट, शीटमध्ये ओळ, ऑफिसला ईमेल. ६५० गुणिले ५ म्हणजे महिन्याला ३,२५० पायऱ्या. प्लॅनमधला पायऱ्यांचा कोटा २० तारखेच्या आत संपतो. मग वरचा प्लॅन घ्या, नाहीतर महिनाअखेरपर्यंत हाताने भरा.

दुसरं ॲप घेतलं तर स्वस्त पडेल का? टॅलीची जोडणी कशी करायची? आणि सीआरएममध्ये नाव दुरुस्त केलं की फोनमध्येही बदलावं म्हणून उलट्या दिशेची जोडणी लावू का?

जोडणी_जुळे_सोलापूर (सोमवार, दुपारी १२.४५)

ॲप बदलायच्या आधी ते मोजतं काय हे बघा, कारण प्रत्येकाचं माप वेगळं आहे. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडला की हमखास फसगत होते.

झॅपियर, मेक आणि एनएटएन ही जोडणीची तीन ॲप घ्या. झॅपियर 'टास्क' मोजतं. ट्रिगर (काम सुरू करणारी घटना) फुकट, फिल्टर, फॉरमॅटर आणि पाथ्स या त्यांच्या स्वतःच्या पायऱ्याही फुकट. बाहेरच्या ॲपमध्ये यशस्वी झालेली प्रत्येक ॲक्शन म्हणजे एक टास्क. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क आणि ट्रिगर धरून दोनच पायऱ्या, त्यामुळे तुमच्यासाठी तो फक्त चाचणीपुरता.

मेक (पूर्वीचं इंटिग्रोमॅट) प्रत्येक मॉड्यूल एकदा चाललं की एक मोजतं. आधी त्याला ऑपरेशन म्हणायचे, आता क्रेडिट म्हणतात. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १,०००. पण इथे 'नवीन काही आलंय का' ही नुसती चौकशीसुद्धा मोजली जाते. दर १५ मिनिटांनी म्हटलं तर दिवसाला ९६, महिन्याला २,८८०. एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी! वेळापत्रक सकाळी १० ते रात्री ८ आणि रविवार सोडून लावलं तरी दिवसाला ४०, २६ दिवसांचे १,०४०. म्हणजे फुकटचे १,००० नुसत्या डोकावण्यातच गेले. दर अर्ध्या तासाने केलं तर ५२०. म्हणून मेकवर शक्य तिथे वेबहुक लावायचा: समोरचं ॲप स्वतः कळवतं, आपण डोकवायला जायचं नाही.

एनएटएनची (n8n) क्लाउड आवृत्ती अख्खा फ्लो (ट्रिगरपासून शेवटच्या पायरीपर्यंतची साखळी) एकदा चालला की एक 'एक्झिक्युशन' मोजते, आत पायऱ्या पाच असोत की पन्नास. लांबलचक फ्लो असेल तर हे माप सोयीचं. पण तिथेही दर काही मिनिटांनी चालणारा वेळापत्रकाचा ट्रिगर लावला तर रिकामी फेरीही एक्झिक्युशनच.

आता तुमचे ३,२५० घ्या. यातल्या २५० चौकशा जुन्याच लोकांच्या आहेत, आणि त्यांच्यावरही पायऱ्या खर्च होतायत. खरी गळती तिथे आहे. शिवाय 'शीटमध्ये ओळ' आणि 'ऑफिसला ईमेल' या दोन पायऱ्यांसाठी पैसे मोजायचं काही कारण नाही. गुगल फॉर्मचं उत्तर शीटमध्ये तसंही आपोआप पडतं, आणि ईमेल प्रत्येक चौकशीला न पाठवता संध्याकाळी एकच यादी पाठवली तर चालते. ६५० ईमेल कोण उघडून बघतं?

मांडणी अशी करा. सगळ्या वाटा आधी एका गुगल शीटमध्ये आणा. तिला चौकशी-वही म्हणा. नव्या चौकशीसाठी ही वही म्हणजे मुख्य खातं. बाकी सगळे तिच्याकडून घेतात. नंबर जुना की नवा हे वहीतच ठरवा, फुकटात. नवा असेल तरच पुढे सोडा. मग पैसे लागणाऱ्या पायऱ्या उरतात दोन, सीआरएम आणि गुगल कॉन्टॅक्ट: ४०० गुणिले २ म्हणजे ८००. ३,२५० चे ८००, ॲप न बदलता. आणि वहीची स्क्रिप्ट (शीटमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) स्वतःच या दोन्हीकडे पाठवू शकते. ते जमलं तर टास्क शून्य.

उलटी जोडणी मात्र लावू नका. सीआरएममधला बदल कॉन्टॅक्टमध्ये जातो, कॉन्टॅक्ट बदलला म्हणून दुसरा फ्लो जागा होतो आणि तो परत सीआरएममध्ये लिहितो, त्याने पहिला जागा होतो. नावात नुसती मोकळी जागा जास्त पडली तरी हा पिंगपाँग सुरू होतो आणि एका रात्रीत महिन्याचा कोटा खातो. नाव दुरुस्त करायचं ते एकाच जागी. ती जागा सीआरएम ठेवा, आणि तिथून कॉन्टॅक्टकडे एकाच दिशेने, दिवसातून एकदा. लीडवर 'बदलल्याची वेळ' असते. कालच्या फेरीनंतर बदललेल्याच नोंदी उचलायच्या.

हिशेब_नवी_पेठ (सोमवार, दुपारी ३.३०)

टॅलीबद्दल सांगतो. प्रत्येक चौकशीचं लेजर उघडू नका, अण्णा. महिन्याला ४०० लेजर उघडली आणि माल घेतला साठ जणांनी, तर वर्षाने सन्ड्री डेटर्समध्ये (येणेकऱ्यांच्या यादीत) चार हजार रिकामी खाती पडलेली असतील. उधारीची यादी काढताना, एकाच नावाची दोन लेजर असताना चुकीच्या खात्यावर बिल पडताना ते निस्तरायला आठवडे लागतात. टॅलीत जायचं ते फक्त पहिली ऑर्डर पक्की झाल्यावर. सीआरएममध्ये लीड 'कन्व्हर्ट' झाली, जीएसटी नंबर आला, की मगच.

एवढ्या थोड्या नोंदींना थेट जोडणीची गरजही पडत नाही. टॅलीप्राइमच्या ४.० पासून एक्सेलमधून मास्टर (लेजरसारख्या मूळ नोंदी) आत घेता येतात. आठवड्यातून दोनदा, नव्या पक्क्या गिऱ्हाइकांची एक्सेल तयार करून आत घ्या. दहा मिनिटांचं काम, खर्च काही नाही. थेटच हवं असेल तर टॅली कॉम्प्युटरवर सर्व्हर म्हणून उघडते (नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, ९०००) आणि एक्सएमएल रूपातली माहिती घेते. पण त्यासाठी टॅली चालू पाहिजे, तीच कंपनी उघडी पाहिजे, आणि लाइट गेली की काम थांबलं. तो पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडा करून ठेवणारे लोक आहेत. तसलं काही करू नका, अख्खी हिशेबाची वही चव्हाट्यावर येते.

लेजर उघडण्याआधी जीएसटी नंबर तपासा. १५ अक्षरं असतात: पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा पॅनची, मग नोंदणी कितवी ते, नेहमीचा झेड, आणि शेवटचं पडताळणीचं अक्षर. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. आपल्याकडे कलबुर्गी, विजयपूर, हैदराबादची गिऱ्हाइकं भरपूर, आणि फॉर्ममध्ये राज्य निवडताना माणूस पहिलं दिसेल ते दाबतो. राज्य फॉर्ममधून घेऊ नका, जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन अंकांवरून काढा. नाहीतर २९ वाल्याला सीजीएसटी-एसजीएसटी लावून बिल जातं आणि पुढे क्रेडिट नोट काढत बसावं लागतं.

बिलाचं अजून एक. परदेशी ॲपचे डॉलर मोजताना फक्त प्लॅनची किंमत धरू नका. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशातून घेतलेल्या सेवेवर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो, तोही जीएसटी पोर्टलवरच्या रोख लेजरमधून. नंतर क्रेडिट मिळतं, पण पैसा आधी बाहेर जातो. जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत असाल तर क्रेडिटही नाही. वर कार्डाचा परकीय चलनाचा चार्ज. आणि कार्डावर ई-मॅन्डेट (दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी) नोंदलेलं नसेल तर दरमहाचे पैसे आपोआप कटत नाहीत. मॅन्डेट असलं तरी रक्कम १५,००० च्या वर गेली की दर वेळी ओटीपी लागतो. ते पैसे अडकले की फ्लो गुपचूप बंद पडतात, आणि चार दिवसांनी कळतं की चौकशा आल्याच नाहीत असं नाही, पोचल्या नाहीत.

टॉवेल_अक्कलकोट_रोड (सोमवार, संध्याकाळी ६.०५)

टॅलीचं पटलं, ते बाजूला काढतो. वहीची मांडणीही समजली. पण जुना की नवा हे ठरवायचं कशावर? आत्ता नावावर शोधतोय आणि 'श्री साई ट्रेडर्स' या नावाने चार वेगळ्या गावांची चार दुकानं सापडतात. नंबरवर शोधलं तर तोच नंबर एकीकडे शून्य लावून, दुसरीकडे +९१ आणि मधे रेघ, तिसरीकडे नुसता. स्क्रिप्ट कशी लिहायची, ती फुकट चालते तर कुठवर, हेही सांगा. पोरगा कॉम्प्युटर सायन्सला आहे, त्याला लिहिता येईल.

स्क्रिप्ट_होटगी_रोड (सोमवार, रात्री ९.५०)

नाव कधीच ओळख म्हणून धरू नका. ओळख म्हणजे साफ केलेला मोबाइल नंबर, आणि पक्क्या गिऱ्हाइकाला जोडीला जीएसटी नंबर. ईमेलवरही विसंबू नका. झोहोच्या लीड्समध्ये 'अपसर्ट' (असेल तर बदल, नसेल तर नवीन) एरवी ईमेलवरून दुबार ओळखतो, आणि निम्म्या दुकानदारांनी ईमेल दिलेलाच नसतो. ईमेल रिकामा असला की तोच माणूस दर वेळी नवी लीड होऊन बसतो. तुमच्याकडे एकाच्या तीन-तीन नोंदी असतील तर आधी हेच तपासा.

नंबर साफ करायचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला. मराठी कीबोर्डवरून फॉर्म भरणारे बरेच असतात, आणि जावास्क्रिप्टमधला 'अंक नसलेलं सगळं काढ' हा नियम देवनागरी अंकांना अंक मानत नाही. ते आधी बदलले नाहीत तर अख्खा नंबरच पुसला जातो. मग सुरुवातीला अधिकचं चिन्ह आहे आणि पुढे ९१ नाही, असं असेल तर तो परदेशी नंबर. त्याला हात न लावता वेगळ्या रकान्यात ठेवा. सरसकट शेवटचे दहा अंक कापले तर दुबईचा नंबर तुटतो, आणि टॉवेलच्या धंद्यात दुबईहून चौकशी येतेच. उरलेल्यांतून रेघा, मोकळ्या जागा, कंस काढा, शेवटचे दहा अंक घ्या, पहिला अंक ६ ते ९ मध्ये आहे का बघा. असेल तर पुढे ९१ लावून बारा अंकी ठेवा. नसेल तर बहुतेक लँडलाइन: सोलापूरचा ०२१७ आणि पुढचे सात अंक, यातलं शून्य काढलं की बरोबर दहा अंक उरतात आणि मोबाइलसारखेच दिसतात, पण पहिला अंक २ असतो. तेही वेगळ्या रकान्यात. त्यांना व्हॉट्सॲप पाठवायला गेलात तर नुसत्या एरर येतात.

वहीतला नंबरचा रकाना आधीच 'साधा मजकूर' करून ठेवा. नाहीतर अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा नंबर शीटला सूत्र वाटतो, सुरुवातीचं शून्य गळतं, आणि हीच फाइल एक्सेलमध्ये सीएसव्ही म्हणून उघडली की बारा अंकी नंबरचं ९.१९ई+११ होतं. तशी सेव्ह केली की मूळ नंबर परत मिळत नाही.

वहीला रकाने एवढे पुरेत: साफ नंबर, नाव, गाव, माल, वाट (इंडियामार्ट, फॉर्म, व्हॉट्सॲप), पहिली तारीख, शेवटची तारीख, किती वेळा, झोहोचा आयडी, गुगल कॉन्टॅक्टचा आयडी, स्थिती. शेवटचे तीन रकाने म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा कणा. नोंद पहिल्यांदा तयार झाली की झोहो आणि गुगल दोघंही आयडी परत देतात. तो त्याच ओळीत लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी 'शोध' ही पायरीच लागत नाही, थेट त्या आयडीवर बदल. गुगलच्या बाबतीत हे जास्तच गरजेचं, कारण पीपल एपीआयमध्ये (एपीआय म्हणजे प्रोग्रामने ॲपशी बोलायची सोय, ही गुगल कॉन्टॅक्ट्सची) नुकताच टाकलेला कॉन्टॅक्ट शोधात लगेच सापडत नाही, काही मिनिटं लागतात. त्या मिनिटांत तोच माणूस दुसऱ्या वाटेने आला की दुबार झालाच.

ॲप्स स्क्रिप्टच्या (गुगल शीटची स्क्रिप्ट जिथे चालते ती गुगलची सोय) मर्यादा, साध्या जीमेल खात्यासाठी: एक फेरी जास्तीत जास्त ६ मिनिटं, ट्रिगरने चालणाऱ्या सगळ्या फेऱ्या मिळून दिवसाला ९० मिनिटं, बाहेरच्या एपीआयला दिवसाला २०,००० हाका. तुम्हाला हाका पन्नास-शंभरच्या वर लागणार नाहीत. अडचण झाली तर ९० मिनिटांची होते. दर ५ मिनिटांनी ट्रिगर लावला तर दिवसाला २८८ फेऱ्या, प्रत्येकीच्या वाट्याला पावणेएकोणीस सेकंद. शीटची एकेक पेटी (सेल) वाचत गेलात तर तेवढ्यात काम उरकत नाही. अख्खा रकाना एकदाच वाचून घ्या, तुलना मेमरीत करा, एकदाच लिहा. मग फेरी दोन-तीन सेकंदांत संपते. टॉवेलच्या चौकशीला दहा मिनिटांनी फोन गेला तरी चालत असेल तर ट्रिगर १० मिनिटांचा लावा.

फॉर्मसाठी 'फॉर्म सबमिट झाल्यावर' हा ट्रिगर वेगळा लावा, त्याला वेळापत्रक नको. पण दोन ट्रिगर एकाच वेळी जागे झाले तर दोघेही 'नंबर नवा आहे' म्हणतात आणि दोन ओळी पडतात. म्हणून वहीला हात लावण्याआधी लॉक सर्व्हिसने कुलूप घ्या, ३० सेकंद थांबायची मुभा ठेवा, काम झालं की सोडा. ही एक गोष्ट राहिली की महिन्याला पाच-दहा दुबार नोंदी होतात आणि कारण काही केल्या सापडत नाही.

इंडियामार्टच्या एपीआयची 'की' (परवलीची किल्ली) त्यांच्या लीड मॅनेजरमधून मिळते. त्यांच्या एपीआयला पाच मिनिटांच्या आत दुसरी हाक चालत नाही. दर वेळी फक्त 'मागच्या फेरीनंतरचं' मागू नका, मागच्या एका तासाचं मागा. एखादी फेरी बुडाली तरी पुढची भरून काढते. प्रत्येक चौकशीला त्यांचा एकमेव क्वेरी आयडी असतो, तो लिहून ठेवला की तासाभराचं पुन्हा आलं तरी ओळ दुबार पडत नाही.

झोहोत तीन ठिकाणी अडतं. आपली खाती बहुतेक भारतातल्या डेटा सेंटरवर, म्हणजे पत्ता डॉट इन. इंटरनेटवरची उदाहरणं डॉट कॉमची असतात; ती तशीच उतरवली की 'टोकन चुकीचं' असा निरोप येतो आणि माणूस दिवसभर टोकन बदलत बसतो. दुसरं, ॲक्सेस टोकन (झोहोत शिरायचा तात्पुरता परवाना) एक तासच चालतं. रिफ्रेश टोकन स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीमध्ये ठेवून त्यावरून नवं काढायचं, शीटच्या पेटीत कधीच ठेवायचं नाही. तिसरं, लास्ट नेम रिकामं असलं तर लीड घेत नाही. फॉर्मवर कोणी नुसतं 'राजू' लिहितं, मग तेच लास्ट नेममध्ये टाका. काहीच नसेल तर गाव आणि नंबरचे शेवटचे चार अंक.

गुगल कॉन्टॅक्टसाठी जुनी कॉन्टॅक्ट्स सर्व्हिस वापरू नका, ती २०२२ मध्येच मोडीत काढायचं ठरलं. पीपल एपीआय ही ॲडव्हान्स्ड सर्व्हिस चालू करून घ्या. एकामागून एक पाठवा, एकदम दहा नाहीत.

आणि चूक झाल्यावर येणारी सूचना 'रोज' वरून 'लगेच' वर करा. एरवी सकाळी बिघडलेली स्क्रिप्ट दुसऱ्या दिवशी कळते.

युनिफॉर्म_साखर_पेठ (मंगळवार, सकाळी १०.२०)

व्हॉट्सॲपची वाट कोणी सांगितली नाही, म्हणून लिहिते. युनिफॉर्मवाल्यांचा एप्रिल ते जून हा सगळा हंगाम व्हॉट्सॲपवरच चालतो.

साध्या व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधून नवीन नंबर आपोआप बाहेर काढायची अधिकृत सोय नाही. ब्राउझरमधल्या व्हॉट्सॲपवर बसून नंबर ओढणारी एक्स्टेन्शनं विकतात. त्यांनी नंबर बंद पडू शकतो, आणि वीस वर्षं पाटीवर छापलेला नंबर गेला तर तो तोटा कोणत्याच प्लॅनने भरून निघत नाही. त्याऐवजी ग्रीटिंग मेसेज वापरा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस शांत राहून पुन्हा लिहिणाऱ्याला तो आपोआप जातो, फुकट. त्यात चारच प्रश्नांच्या गुगल फॉर्मची लिंक टाका: नाव, गाव, माल आणि किती नग. नंबर त्याच्याकडून पुन्हा भरून घ्यावाच लागतो, तो पाचवा. सगळे भरत नाहीत. न भरणाऱ्यांना चॅटवर 'नवीन' असं लेबल लावा आणि संध्याकाळी दुकान आवरताना ते दहा-बारा जण त्याच फॉर्ममध्ये हाताने टाका. पंधरा मिनिटं लागतात.

पैसे भरून अधिकृत एपीआय घेतला तर मेसेजसोबत नाव आणि नंबर वेबहुकने येतात. नंबर ९१ लावून, अधिकच्या चिन्हाशिवाय, म्हणजे वर सांगितलेल्या बारा अंकी रूपातच. गिऱ्हाइकाने लिहिल्यापासून २४ तासांत दिलेल्या साध्या उत्तराला मेटाचा (व्हॉट्सॲपची मालक कंपनी) चार्ज नाही. आपणहून पाठवलेल्या जाहिरातीच्या टेम्प्लेटला दर मेसेजमागे आहे, आणि मधल्या कंपनीचं भाडं वेगळं. दिवसाला दहा-बारा व्हॉट्सॲप चौकशांसाठी ते परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉन्टॅक्टचं नाव असं ठेवा की फोन वाजताच सेल्समनला कळावं: आधी गाव, मग दुकान, मग माल. 'बार्शी – साई ट्रेडर्स – हॉटेल टॉवेल'. चारही साई ट्रेडर्स वेगळे दिसतात. हे सगळं ऑफिसच्या वेगळ्या गुगल खात्यावर करा आणि ते खातं दोन्ही सेल्समनच्या फोनमध्ये जोडा. कोणाच्या खाजगी जीमेलमध्ये नंबर गेले आणि तो माणूस सोडून गेला तर गिऱ्हाइकं त्याच्यासोबत जातात. एका खात्यात २५,००० कॉन्टॅक्ट मावतात. महिन्याला ४०० च्या हिशेबाने पाच वर्षं निघतात, पण दोन वर्षं काहीच न घेतलेले काढून टाकत चला.

ब्रॉडकास्ट लिस्टवर अवलंबून असाल तर लक्षात ठेवा: एका यादीत २५६, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. तुमच्याकडे त्याचं नाव असून उपयोग नाही. म्हणून ग्रीटिंगमध्येच 'आमचा नंबर सेव्ह करा' ही ओळ घाला.

फॉर्मवर 'नवीन मालाची माहिती व्हॉट्सॲपवर पाठवू का' असा हो-नाहीचा प्रश्नही ठेवा आणि उत्तर वहीत जाऊ द्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा संमती मागतो, आणि नको म्हटलेल्याने ब्लॉक केलं तर नंबरची पत घसरते ती वेगळीच.

सर्व्हर_सात_रस्ता (मंगळवार, दुपारी १.१५)

एनएटएन स्वतःच्या मशीनवर टाकलं तर परवाना फुकट आणि टास्कची मोजदादच नाही. पोराला जमत असेल तर तेही बघा की.

स्क्रिप्ट_होटगी_रोड (मंगळवार, दुपारी २.००)

चालतं, पण या कामाला मी नाही सुचवणार. ऑफिसच्या पीसीवर ठेवलं तर लाइट गेली की बंद, आणि वेबहुकला बाहेरून पोचणारा पत्ता लागतो. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं तर दरमहा भाडं आलं आणि अपडेट, बॅकअप कोणाच्यातरी गळ्यात आले. तीन जागा अशा की नवा माणूस अडखळतोच. टाइमझोन मुळात न्यूयॉर्कचा असतो, तो आशिया-कोलकाता केला नाही तर सकाळची फेरी रात्री चालते. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) टाकून डेटाचा फोल्डर बाहेर ठेवला नाही तर पुढच्या अपडेटला एन्क्रिप्शनची किल्ली जाते आणि सगळी लॉगिनं पुन्हा भरावी लागतात. आणि जोडणीसाठी आपण गुगलवर उघडलेलं प्रोजेक्ट 'टेस्टिंग' स्थितीत राहिलं तर जोडणी दर ७ दिवसांनी तुटते. दर सोमवारी कॉन्टॅक्ट जायचे थांबले की लोक स्क्रिप्ट तपासत बसतात, दोष तिथे नसतोच. तीन वाटा आणि दोन ठिकाणांसाठी एवढा संसार नको. उद्या दहा ॲप जोडायची वेळ आली तर जरूर.

टॉवेल_अक्कलकोट_रोड (मंगळवार, संध्याकाळी ७.४०)

पोराने आजच वही बनवली, नंबर साफ होतायत. देवनागरी अंकांचे सोळा नंबर निघाले, सगळे आधी रिकामे पडायचे.

आता शेवटचं. फोनमध्ये आणि जुन्या एक्सेलमध्ये मिळून सहा हजार जुनी गिऱ्हाइकं आहेत. ती वहीत टाकून दिली की आपोआप सगळीकडे जातील ना?

जोडणी_जुळे_सोलापूर (मंगळवार, रात्री ८.३०)

थांबा, तसं करू नका! जुना फ्लो अजून चालू असेल तर सहा हजार ओळी म्हणजे त्याच्यासाठी सहा हजार नवीन चौकशा. पाच पायऱ्यांनी तीस हजार टास्क. आधी जुना फ्लो बंद, वहीचे ट्रिगरही बंद, मगच जुना माल आत.

एक्सेलमधून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. फोनमधली नावं गुगल कॉन्टॅक्ट्समधून गुगल सीएसव्ही म्हणून उतरवा. त्यात एका माणसाचे दोन-तीन नंबर वेगवेगळ्या रकान्यांत असतात, तेवढ्या ओळी करा. दोन्ही एकत्र, नंबर साफ, दुबार काढा. सहा हजारांचे किती उरतात ते बघून चकित व्हाल. स्थितीच्या रकान्यात 'जुना' लिहा, म्हणजे स्क्रिप्ट त्यांना सोडून देईल.

झोहोत सगळे पाठवायची गरज नाही, गेल्या दोन वर्षांत व्यवहार झालेलेच पाठवा. एका हाकेत १०० नोंदी जातात, म्हणजे सहा हजार असते तरी ६० हाका. त्या विनंतीत 'ट्रिगर' ही यादी मुद्दाम रिकामी पाठवा. तो भाग वगळला तर झोहोचे वर्कफ्लो चालतात आणि जुन्या गिऱ्हाइकांना 'चौकशीबद्दल आभार' असे ईमेल जातात. परत आलेले आयडी वहीत उतरवून घ्या. उत्तरात प्रत्येक नोंदीची स्थिती वेगळी असते. ९७ गेल्या आणि ३ अडल्या तरी हाक यशस्वीच दिसते, म्हणून त्या तीन वेगळ्या ओळखून 'अडला' असं लिहा.

पहिल्यांदा २० ओळींनी करून बघा. त्यात एक देवनागरी अंकांचा, एक ०२१७ चा, एक दुबईचा आणि एकच नंबर दोनदा, असे मुद्दाम घाला. झोहोत, कॉन्टॅक्ट्समध्ये आणि दोन्ही सेल्समनच्या फोनवर मोजून बघा. आकडे जुळले की पुढचे.

जुन्या ॲपचा प्लॅन लगेच रद्द करू नका. पुढचं बिल यायच्या तारखेला आठ दिवस असतील तेव्हा करा. तोवर रोज रात्री वहीत आजच्या तारखेच्या नव्या ओळी किती आणि झोहोत आजच्या लीड किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. फरक पडला तर 'अडला' लिहिलेल्या ओळी आधी बघा, मग आयडी रिकामा असलेल्या.